वाचकांचे प्रश्न : पाय पुरते टेकत नसतील, तर मोठी मोटारसायकल घ्यावी का?

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय सत्तावीस, उंची पाच फूट एक इंच आणि वजन पन्नास किलो आहे. मी शुक्रवार पेठेत राहते आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. सहा वर्षे स्कूटर चालवल्यानंतर गेले आठ महिने वडिलांची स्प्लेंडर वापरते आहे. आमच्या कारखान्यातला एक गट रविवारी गगनबावडा, राधानगरी, आंबोली अशा फेऱ्या करतो. त्यांच्याबरोबर जाता यावे म्हणून साडेतीनशे सीसीची गाडी घेण्याचे मनात आहे. मात्र गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० पन्हाळ्याच्या वाटेवर चालवून पाहिली, तेव्हा वाघबिळाजवळ चहाच्या टपरीसमोर गाडी वळवताना ती उजवीकडे कलली आणि मला सावरता आली नाही. लागले नाही, पण ती उचलायला दोन माणसे धावून आली आणि फार ओशाळल्यासारखे झाले. भाऊ म्हणतो, तुझे पाय टेकत नाहीत, तू दीडशेच्या वर जाऊ नकोस. विक्रेता म्हणतो, सीट कापून देतो, अडचण येणार नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही पुरते ऐकू नये, असे माझे मत आहे, कारण भाऊ आणि विक्रेता वेगवेगळे सल्ले देत असले तरी दोघांचीही नजर सीटच्या उंचीवरच खिळलेली आहे. तुमच्या वडिलांच्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच असते. रॉयल एनफिल्ड हंटर ३५० ची सीट ७९० मिलिमीटरवर आहे, म्हणजे फरक केवळ पाच मिलिमीटरचा, चपलेचा तळ झिजला तरी पडेल इतका. ज्या क्लासिक ३५० वरून तुम्ही पडलात तिची सीटही ८०५ मिलिमीटरवरच असते, म्हणजे आठ महिने तुम्ही जी गाडी निर्धास्तपणे चालवत आहात तिच्यापेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर वर. एवढ्या फरकाने गाडी पडत नाही.

पडण्यामागे वजन होते. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची असते आणि क्लासिक १९५ किलोची. मधला फरक ८३ किलोंचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक आहे. हलकी गाडी थोडी कलली तर मांडीच्या आणि कमरेच्या जोरावर ती परत उभी करता येते, आणि असे आपण दिवसातून चार वेळा करतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. जड गाडी तेवढीच कलली की तिचा भार पायाच्या हाताबाहेर गेलेला असतो. याला सीटच्या रुंदीचीही जोड मिळते. स्प्लेंडरची सीट टाकीजवळ अरुंद असल्यामुळे पाय सरळ खाली जातात, तर रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढी पायाची लांबी वाया जाते. म्हणून माहितीपत्रकात एकच आकडा असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीवर चवडे टेकतात आणि दुसरीवर फक्त बोटे टेकतात. शिवाय सत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसल्यावर मागचे शॉकॲब्सॉर्बर जितके दबतात तितके ते तुमच्या पन्नास किलोंनी दबत नाहीत, त्यामुळे धिप्पाड सहकाऱ्याने ‘अगदी खाली आहे गाडी’ असे सांगितले तरी त्यावर विसंबू नये.

आता वाघबिळाच्या प्रसंगाकडे वळतो, कारण कोणती गाडी घ्यावी याचे अर्धे उत्तर तिथे आहे. हँडल उजवीकडे पूर्ण वळलेले, वेग चालण्याइतका, समोर कोणीतरी आडवे आले किंवा वळण बसत नाही असे वाटले आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला गेला, असे घडले असण्याची दाट शक्यता आहे. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबते आणि तिचा सगळा भार वळणाच्या आतल्या बाजूला येतो. त्या क्षणी उजवा पाय खाली जातो आणि नेमकी तिथे टपरीसमोरची उतरती, खडबडीत जमीन असते. माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच आहे आणि आयुष्यातली पहिली जड मोटारसायकल मी एका पेट्रोल पंपावर अगदी अशीच आडवी केली होती. रांगेतले लोक अत्यंत शांतपणे पाहत उभे होते. त्यानंतर शिकलेली गोष्ट अशी की, चालण्याच्या वेगात वळताना पुढच्या ब्रेकवरची बोटे काढून घ्यावीत, वेग मागच्या ब्रेकने धरावा, क्लच अर्धा दाबून ठेवावा आणि नजर चाकाजवळच्या खड्ड्याकडे न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवावी. हे जमले की उंचीचा प्रश्न बराचसा विरून जातो, आणि हे जमले नाही तर सहा फुटी माणूसही गाडी पाडतो.

याचा सराव स्प्लेंडरवरच करावा. गोकुळ शिरगावचे वसाहतीतले रस्ते सुटीच्या दिवशी सकाळी मोकळे असतात, तिथे दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत पाय न टेकता फिरावे. त्याच वेळी एका पायावर थांबण्याची सवय लावून घ्यावी. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत ही समजूत मनातून काढून टाका. गाडी थांबत आली की कंबर सीटवरून डावीकडे किंचित सरकवावी, डावा पाय पूर्ण टेकवावा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. यात एक बारकावा आहे, तो मला कोणी सांगितला नव्हता. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे कडेला थांबलो तर आपला डावा पाय खालच्या बाजूला येतो, आणि साइडपट्टी खचलेली असेल तर पायाखाली काहीच नसते. उंच माणसाला याची जाणीवही होत नाही, पण तुम्ही कडेपासून हातभर आत थांबलात तर दोन-तीन सेंटिमीटर जमीन वर आल्यासारखी वाटेल. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे चढावर थांबत-निघत जावे लागते आणि रस्त्यावर उसाच्या कांड्या नि पाचट पडलेले असते, तेव्हा पाय कुठे टेकवायचा हे गाडी थांबण्यापूर्वीच ठरलेले असावे.

गाडीविषयी माझी शिफारस अशी की, तुम्ही प्रथम १६० किलोंच्या आसपासची गाडी पाहावी. टीव्हीएस रोनिन या वजनाची आहे, तिचे इंजिन २२५.९ सीसीचे आणि सीट ७९५ मिलिमीटरवर आहे. ताकदीचा आकडा साडेतीनशेच्या रॉयल एनफिल्डच्या जवळपास, सुमारे वीस अश्वशक्तीचा आहे, त्यामुळे गगनबावड्याच्या पंचावन्न किलोमीटरच्या वाटेवर तुम्ही गटाच्या मागे पडाल ही भीती बाळगू नका. फरक ओढीत जाणवेल, कारण ३४९ सीसीचे इंजिन कमी फेऱ्यांवर २७ न्यूटन मीटर देते आणि रोनिनचे वीसच्या आत. म्हणजे चढावर तुम्हाला एक गिअर अधिक वेळा बदलावा लागेल, आणि आठ महिन्यांच्या अनुभवाला ते चांगलेच आहे.

साडेतीनशेच हवी असेल तर हंटर पाहावी. ती १८१ किलोंची आहे, चाके सतरा इंची आणि बांधा आटोपशीर असल्यामुळे मंगळवार पेठेच्या किंवा गंगावेशीच्या गल्ल्यांत ती क्लासिकपेक्षा सहज वळते, आणि २०२५ पासून तिला हलका स्लिप-असिस्ट क्लच मिळाला आहे, त्याचा उपयोग लहान पंजाला फार होतो. मीटिओर ३५० ची सीट तर ७६५ मिलिमीटरवरच आहे, पण ती १९१ किलोंची आहे. शिवाय तिच्यावर पाय पुढे ठेवून बसावे लागते, त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही आणि सगळा दणका कण्याला बसतो. बजाज ॲव्हेंजरचेही असेच आहे. ७३७ मिलिमीटर ही सीटची उंची वाचून कमी उंचीची माणसे तिच्याकडे धावतात, परंतु तिची दोन चाकांमधली लांबी मोठी असल्याने अरुंद जागेत परत फिरवताना तीच गाडी नकोशी होते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सरळ जायचे असेल तर दोन्ही उत्तम आहेत, तुम्ही मात्र घाटांची नावे लिहिली आहेत. क्लासिकचा मोह दोन पावसाळे पुढे ढकलावा. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे, त्यामुळे चारशेच्या गाड्या पाहत बसण्याचे कारण उरलेले नाही.

दुकानात गेल्यावर विक्रेता गाडी मधल्या स्टँडवर किंवा गुळगुळीत फरशीवर देईल आणि ‘बघा, टेकतात की पाय’ म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. नेहमीचे घोटा झाकणारे बूट घालून जा, गाडी बाहेर रस्त्यावर काढायला सांगा, साइड स्टँडवरून ती स्वतः उभी करा, खाली उतरून डाव्या बाजूने कंबरेचा आधार देत मागे ढकलून पाहा, आणि शक्य असेल तर मागे कोणाला तरी बसवून एकदा थांबा-निघा. क्लचचा लिव्हर धरताना मनगट वाकवावे लागते का, हेही पाहावे, कारण काही गाड्यांना लिव्हर जवळ-लांब करण्याची सोय असते आणि काहींना नसते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना असलेलाच प्रकार घ्यावा. दिसायला तीच गाडी स्वस्तात मिळते तेव्हा अनेकदा ते फक्त पुढच्या चाकाला असते. आणि परवाना तपासा : स्कूटरसाठी काढलेला परवाना विनागिअर मोटारसायकलचा असेल, तर गिअरच्या गाडीची नोंद त्यात करून घ्यावी लागते. तशी नसेल तर शिकाऊ परवाना काढून तीस दिवसांनी चाचणी द्यावी लागेल, आणि खरे तर तोवर वडिलांची स्प्लेंडरही घरीच ठेवावी लागेल.

सीट कापण्याविषयी विक्रेता पूर्ण चुकीचे सांगत नाही, पण ते गाडी घेण्याचे कारण होऊ शकत नाही. महिनाभर आहे तशी चालवा. त्यानंतरही गरज वाटली तर चांगल्या कुशनवाल्याकडून उंची फार तर दोन सेंटिमीटर कमी करावी आणि टाकीजवळच्या दोन्ही कडा घासून अरुंद करून घ्याव्यात. कडांचा फायदा उंचीपेक्षा जास्त होतो. त्याहून अधिक फोम काढला तर आंबोलीहून परतताना पत्र्यावर बसल्यासारखे होते. लेग गार्ड मात्र पहिल्याच दिवशी लावावा. गाडी पुन्हा पडलीच, तर पाठ सीटला टेकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची कडी धरून, गुडघ्यांत वाकून पायांच्या जोरावर मागे चालत ती उभी करावी. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवावा, म्हणजे ती पलीकडे जात नाही.

प्रश्न : माझ्या मुलाची उंची पाच फूट चार इंच आहे. त्याने हट्टाने हिमालयन ४५० नोंदवली आहे आणि ती खाली घेण्यासाठी मागच्या शॉकॲब्सॉर्बरची पट्टी बदलून देतो असे एका गॅरेजवाल्याने सांगितले आहे. ते करावे का?
— एक पालक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : करू नये, निदान लगेच तरी नाही. पट्टी बदलून मागची बाजू खाली आणली की गाडीचा पुढचा कोन बदलतो आणि ती वळायला आळशी होते. पोट जमिनीला जवळ येते आणि साइड स्टँड मात्र जुन्याच लांबीचा राहतो, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि वाऱ्यानेही पलीकडे पडू शकते. गाडीच्या हमीचा प्रश्न वेगळाच. या गाडीची सीट ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशा दोन टप्प्यांवर बसवता येते आणि ८०५ मिलिमीटरपर्यंत खाली येणारी सीट कंपनीच वेगळी विकते. तीच आधी घ्यावी. पाच फूट चार इंचाला ती पुरेल. गाडी १९६ किलोंची आहे, म्हणून वर दोन विटांचा जो सराव सांगितला आहे तो मुलाने, हट्ट पुरा झाल्याच्या आनंदात, तुमच्या जुन्या गाडीवर आधी करावा.