अर्धा तुकडा सलाईनमध्ये

प्रिय पोरी,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. ५२ वर्षांचा शेतकरी, शुगर ४००च्या वर, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ, खोकल्यातून रक्त, पेट स्कॅनमध्ये गाठ लखलखतेय. तुमचे सर म्हणतात कॅन्सर, तुला वाटतंय बुरशी. वाद घालू का, असं विचारतेस. वाद कशाला? तुकडा काढा, आणि अर्धा तुकडा सलाईनमध्ये ठेव.

पेट फक्त एवढंच दाखवतं की साखर कुठे ओढली जातेय. कॅन्सरच्या पेशी ओढतात, तशा बुरशीशी झुंजणाऱ्या आपल्या पेशीही ओढतात. टीबीची गाठसुद्धा अशीच चमकते. तरी त्या चित्रावरून निदान सांगून मोकळा होणाऱ्यांत मीही होतो.

अमळनेरकडचा एक कपाशीवाला होता. जुना डायबेटिस, विडी, उतरलेलं वजन. मी सीटी उजेडाला धरली आणि मुलाला कॅन्सर सांगितला. दारातून आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आते काय करानं?" सुईने काढलेले तुकडे शेवईच्या चुऱ्याएवढे. सिस्टरने सवयीने फॉर्मॅलिनची बाटली पुढे केली, मी सगळे तिच्यात सोडले. फॉर्मॅलिन तुकडा टिकवतं, पण त्यातली बुरशी मारतं. रिपोर्ट आला: नुसत्या मृत पेशी, कॅन्सर दिसत नाही. आम्ही म्हणालो, सुई चुकली. पुन्हा तुकडा, पुन्हा फॉर्मॅलिन. शेवटी पॅथॉलॉजिस्टने सिल्व्हरचा रंग चढवला तेव्हा काळे धागे दिसले, पण तुटलेले, चुरडलेले. बुरशी होती, पण अ‍ॅस्परजिलस जातीची की म्युकर, सांगता येईना. कल्चरला, म्हणजे प्लेटवर वाढवून बघायला, जिवंत काही उरलंच नव्हतं. मी व्होरिकोनॅझोल दिलं, अ‍ॅस्परजिलसवरचं औषध. ते म्युकरवर चालत नाही. तिसऱ्यांदा तुकडा सलाईनमध्ये गेला आणि तीन दिवसांत प्लेटभर राखाडी कापूस उगवला. म्युकर. त्यावरचं औषध, अ‍ॅम्फोटेरिसिन, सुरू केलं तेव्हा उशीर झाला होता.

जिल्ह्यात तेव्हा बुरशीचं कल्चर होत नव्हतं, नमुना मुंबईला पाठवावा लागे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरंही होतं. पण सलाईन? ते तर प्रत्येक खाटेशी लटकत होतं!

म्हणून परत सांगतो, अर्धा सलाईनमध्ये. उद्या टेबलाशी तू स्वतः उभी राहा, दोन्ही बाटल्यांवर आधीच नाव लिही. सिस्टरवर चिडू नकोस, ती सवय आम्हीच लावलीय. लॅबला फोन करून सांग: तुकडा खलात वाटू नका, बारीक कापून कल्चरला लावा. वाटला की म्युकरचे धागे मरतात. गॅलॅक्टोमॅनन, ती बुरशीची टेस्ट, निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाही, असं लिहू नकोस, म्युकरमध्ये ते निगेटिव्हच असतं. २०२१ पासून लोकांना म्युकर म्हटलं की डोळा आणि जबडा आठवतो, फुप्फुस कुणाला आठवत नाही. तुला आठवलं, याचं मला बरं वाटलं.

कॅन्सर निघाला तर निघू दे. सलाईनमधल्या अर्ध्या तुकड्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण बुरशीवर केमो चढली तर माणूस हातचा जाईल, हे सरांना शांतपणे सांग. म्युकरचा संशय पक्का असेल तर तुकडा निघाल्यावर कल्चरसाठी थांबू नका, किडनीवर लक्ष ठेवून अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करा. शुगर मात्र आज रात्रीच खाली आणा.

आणि घरच्यांशी अहिराणीत बोल. रिपोर्ट हातात येईपर्यंत कॅन्सर हा शब्द तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस.

तुझा,
भुसावळचा सर