टायटॅनिकला ‘भगदाड’ पडले होते का?

प्रश्न असा : ‘हिमनगाच्या धडकेने टायटॅनिकला भगदाड पडले’ असे बातम्यांत नेहमी वाचायला मिळते. जहाजाला भगदाड म्हणणे बरोबर, की छिद्र म्हणावे?

भगदाड जसे भिंतीला किंवा तटाला पडते तसे जहाजालाही पडू शकते. टॉर्पेडो लागला तर पडतेच. टायटॅनिकला मात्र हिमनगाने भगदाड पाडले नाही. 1912 च्या ब्रिटिश चौकशीत हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीच्या एडवर्ड वाइल्डिंग यांनी पाणी किती वेगाने शिरले यावरून हिशेब मांडला. सगळी उघडी जागा मिळून भरली जेमतेम 12 चौरस फूट, म्हणजे घरातल्या दाराच्या अर्ध्याहून थोडी जास्त! ती सुमारे 300 फुटांत तुटक तुटक विखुरली होती. छापणाऱ्यांनी त्यातले 300 फूट तेवढे उचलले, आणि सलग फाटलेल्या जहाजाची चित्रे वर्षानुवर्षे निघत राहिली. 1996 साली चिखलात रुतलेल्या भागाची ध्वनिलहरींनी पाहणी झाली, तेव्हा सहा अरुंद फटी आढळल्या. पत्रे आत दबून त्यांना जोडणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, सुटले होते. पुढचे चार कप्पे भरले असते तरी जहाज तरंगले असते. पाणी त्याहून जास्त कप्प्यांत शिरले.

अवशेषांच्या छायाचित्रांत नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, उजव्या बाजूला खरोखरच एक मोठे भोक दिसते. ते खुशाल भगदाड म्हणावे. पण जहाज तळावर आदळले तेव्हा ते पडले असावे असे जाणकार मानतात. बातमीत तो फोटो टाकून खाली ‘हिमनगाने पाडलेले’ लिहिले की संपलेच.

मग शब्द कोणता? ‘छिद्र’ फार नेटके, ‘चीर’ सलग वाटते. मी ‘पत्र्यांचे सांधे उसवले’ असे लिहीन. शिवणकामाचे क्रियापद पोलादाला कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी ‘फटी पडल्या’ आहेच.

सिनेमाला नावे ठेवायची आपल्याला सवय, पण 1997 च्या चित्रपटात एक पात्र ही तुटक भोके नीट समजावते. त्याच चित्रपटात फर्स्ट ऑफिसर मर्डक यांना प्रवाशांवर गोळ्या झाडून आत्महत्या करताना दाखवले, हे वेगळे. त्याबद्दल 1998 मध्ये स्टुडिओच्या अधिकाऱ्याला स्कॉटलंडमधल्या मर्डक यांच्या गावी, डॅलबीटीला, जाऊन माफी मागावी लागली.

जाता जाता : त्या वाक्यातली ‘धडक’ही मला खटकते. जहाज समोरून आदळले नाही, उजवी बाजू हिमनगाला घासत गेली. ‘हिमनगाला घासून टायटॅनिकचे सांधे उसवले’ एवढे मथळ्यात सहज मावते.