जुन्या शिलाई मशीनची दुखणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजीचं काळं सिंगर हातमशीन बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. आता चाक जागचं हलत नाही. घरात सगळे म्हणतात, खोबरेल सोडा. सोडू का? (वाचक, गिरगाव)

मुळीच नको. बऱ्याचदा मशीन जाम होतं तेच मुळी कुणीतरी पूर्वी घातलेल्या खोबरेल किंवा गोडेतेलामुळे. हे तेल धातूवर हळूहळू चिकट होत जातं आणि शेवटी त्याचा तपकिरी राळेसारखा थर बसतो. लोखंड शाबूत असतं, पण सांधे चिकटलेले असतात. त्यामुळे मेकॅनिकने ‘गेलंय, भंगारात द्या’ म्हटलं तरी घाई करू नका.

आधी अडलंय कुठे ते बघा. चाकाच्या मधली गोल चकती सैल करा. मग नुसतं चाक फिरलं, तर अडचण आत आहे. सुई आणि बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची, म्हणजे बॉबिनची, धातूची डबी) काढा. उषा, मेरिट, रीटा किंवा सिंगरचं १५ नंबरचं मॉडेल असेल, तर शटलच्या (खालचा दोरा वरच्यात गुंतवणाऱ्या फिरत्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या फिरवून पुढची कडी काढा आणि शटल बाहेर घ्या. त्याच्यामागे अडकलेला एखादा दोरासुद्धा अख्खं मशीन रोखून धरतो. दोरा चिमट्याने ओढून काढा, जुन्या टूथब्रशने भुसा झाडा.

तिथे काही सापडलं नाही, तर डावीकडची तोंडाची प्लेट उघडा. सुईचा दांडा, फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दांडा, वरची तेलाची भोकं आणि मशीन आडवं केल्यावर खाली दिसणारा प्रत्येक सांधा, या सगळ्यांवर रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास गॅस किंवा देवाचा दिवा नको. सकाळी रॉकेल पूर्ण उडून गेल्यावर हट्टी सांध्यावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्या आणि चाक हातानेच पुढे-मागे डोलवा. पाना लावून जोर करू नका, हातोडी तर नकोच. आधी नखाएवढं हलेल, मग थोडं जास्त, आणि सांध्यांतून काळपट घाण बाहेर यायला लागेल. ती पुसा आणि पुन्हा रॉकेल. याला दोन-तीन दिवसही लागू शकतात.

मोकळं झालं की रॉकेलवर थांबू नका. ते वंगण नव्हे. प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या पांढऱ्या पातळ तेलाचा एकेक थेंब घाला, फूट वर ठेवून दोऱ्याशिवाय पाच मिनिटं फिरवा, मग चिंधीवर शिवून जास्तीचं तेल उतरवा.

दोन सूचना. रॉकेल सोनेरी वेलबुट्टीवर सांडू देऊ नका. आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर बाटलीसकट लांब ठेवा. जुन्या सिंगरच्या नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो. रंगावरची धूळ कापसावर मशीनचंच तेल घेऊन पुसा.

सगळं जोडल्यावर चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं झालं तर घाबरू नका. चाकाच्या चकतीमागे तीन कानांचा वायसर असतो. तो उलटा बसला की चकती कितीही आवळली तरी पकडत नाही. काढून अर्धा फेरा फिरवून बसवा.

प्रश्न : कापडाखाली दोऱ्याचे वेटोळे येतात. बॉबिनचा स्क्रू आवळून थकले. (वाचक, परळ)

बॉबिन निर्दोष आहे. वेटोळे खाली दिसले की दोष वरच्या दोऱ्याचा. फूट खाली टेकलेला असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात न शिरता वरवरच राहतो. म्हणून फूट वर करूनच ओवा. चकत्यांमध्ये दोऱ्याची लव साठली असेल, तर जाड दोरा पुढे-मागे ओढून ती बाहेर काढा.

सुई घरगुती मशीनचीच, एका बाजूने चपटी हवी; पाकिटावर एचए×१ लिहिलेलं असतं. गोल दांड्याची सुई टेलरच्या कारखानदारी मशीनची. तुमचं मशीन वर सांगितलेल्या १५ जातीचं असेल, तर सुईची चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. सुती ब्लाऊजला १४ नंबर, जीन्सला १६ किंवा १८.

आता बॉबिनचा स्क्रू पूर्ववत करा. केस दोऱ्याने लटकवा. आपोआप खाली घसरली तर सैल, हाताला हिसका दिल्यावर बोटभर उतरून थांबली तर बरोबर.

प्रश्न : चोर बाजारात जुनं सिंगर घ्यायचंय. खरं कसं ओळखू? (वाचक, विलेपार्ले)

चकचकीत सोनेरी नक्षीला भुलू नका. नवी नक्षी चिकटवणं अगदी सोपं आहे. बैठकीवर ठोकलेला नंबर बघा. आकड्यांआधी एकटं इंग्रजी वाय किंवा ईने सुरू होणारी दोन अक्षरं असतील, तर मशीन बहुधा स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. जी असेल तर न्यू जर्सीचं. मॉडेलच्या आकड्यामागचं ‘के’, म्हणजे ६६के, ९९के, हेही क्लाइडबँकचंच. १९५१ साली सिंगरला शंभर वर्षं झाली, तेव्हा लावलेल्या बिल्ल्यावर १८५१-१९५१ असतं. अर्थात बिल्लाही बदलता येतो, त्यामुळे नंबरच पहिला.

मग चाक फिरवा. जड चालतं म्हणून सोडू नका, पण लोखंडी बैठकीला तडा असेल तर विचार सोडा. लांबट होडीसारख्या शटलचं मशीन असेल, तर शटल आणि त्याची लांब बॉबिन दोन्ही जागेवर आहेत ना ते तिथेच तपासा, नंतर शोधत फिरावं लागतं. ६६ आणि ९९ ची बॉबिन किंचित फुगीर असते, १५ ची सपाट. एकाची दुसऱ्याला चालत नाही. हे माहीत नसलेला विक्रेता हमखास चुकीची देतो.

प्रश्न : अमेरिकेतून नातेवाइकांनी विजेवर चालणारं सिंगर २२१ आणलंय. थेट लावू? (वाचक, दादर)

नको, मोटर जळेल. ती ११० व्होल्टची, आपली वीज २३० व्होल्टची. मोटर आणि दिवा दोन्हींचा भार पेलणारा स्टेपडाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर घ्या. वायरचं रबर तडकलेलं असेल तर आधी वायर बदला.

प्रश्न : पावसाळ्यात पायमशीनचा पट्टा घसरतो. (वाचक, लालबाग)

चामडं दमट हवेत सैलावतं. आधी पट्ट्यावरचं तेल कोरड्या फडक्याने पुसा. तेवढ्यानेही बरेचदा भागतं. नाहीच भागलं, तर जोडाची तारेची कडी उघडून पाव इंच कापा, टोकापासून पाव इंचावर टोच्याने नवं भोक पाडा आणि कडी पुन्हा दाबून बसवा. एकदम इंचभर कापू नका. आवळलेल्या पट्ट्याने पायडल जड चालतं आणि चाकाच्या बेअरिंगवर ताण येतो. कडीची टोकं पूर्ण आत दाबलेली हवीत, नाहीतर दर फेऱ्याला चाकावर टक-टक आवाज येतो. काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवा.