मुलगा 19 चा झाला, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. शाळा संपली, दिवसभर टीव्ही, वजन वाढतंय, हल्ली फार सुस्त असतो. विमावाले तर दारातूनच परत पाठवतात. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर: अहो, सुस्ती म्हणजे आळसच असं धरून चालू नका, आधी थायरॉईड तपासा, या मुलांमध्ये हा त्रास बराच दिसतो म्हणून टेस्ट दरवर्षी करायची. विम्यासाठी नॅशनल ट्रस्टची (बौद्धिक अपंगत्व वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय योजना बघा, 1 लाखापर्यंत कव्हर, आधी मेडिकल तपासणी नाही, ओपीडी-थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत मिळतो, फक्त रिन्यू करायचं लक्षात ठेवा (लोक हमखास विसरतात!). आणि हो, 18 नंतर आई असलात तरी कायद्याने आपोआप पालक राहत नाही, त्यासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर अध्यक्ष, तिथे अर्ज टाका. कामाचं म्हणाल तर लगेच नोकरीमागे धावू नका, एखाद्या कार्यशाळेत पाकिटं भरणं वगैरे एकच काम घ्या, चित्रं लावून पायरीपायरीने शिकवा, वेळ लागेल. आणि मिळतील ते पैसे त्याच्याच हातात द्या, मावशीला चहा पाजू दे की त्याला!