संग्रहालयात प्रवाळभित्तीचे दालन उभारताना खरी पोवळी वापरावीत की प्रतिकृती?

सिंधुदुर्गातील नियोजित निसर्गसंग्रहालयासाठी खरी पोवळी मिळवावीत की प्रतिकृती घडवाव्यात, असे आपण विचारले आहे. अशा दालनांसाठी प्रतिकृती घडवण्याचे काम मी केले आहे आणि माझे स्पष्ट मत प्रतिकृतींच्या बाजूने आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिले आहे, हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की समुद्राबाहेर काढलेल्या पोवळ्याचा केवळ चुनखडीचा सांगाडा उरतो. त्याचा रंग असतो तो वरच्या पातळ जिवंत आवरणात आणि त्यात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांत, आणि तो प्राण्याबरोबरच जातो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९३५ साली खुल्या झालेल्या, बहामातील अँड्रॉस बेटाजवळच्या भित्तीच्या भव्य दृश्यासाठी सुमारे ४० टन पोवळी समुद्रातून काढण्यात आली, तरीही त्या पांढऱ्या सांगाड्यांना रंग माणसांनाच चढवावा लागला. आज तेवढा संहार करण्याचे काहीच कारण नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहातील नमुन्यांवरून सिलिकॉन रबराचे साचे घ्यावेत, त्यांत रेझिन ओतावे आणि रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक द्यावेत; जाड अपारदर्शक रंग दिला की पोवळे सिमेंटचे दिसते.

खरी कसोटी मात्र पाण्याची आहे. पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून खोली ठरवल्याशिवाय रंग ठरवता येत नाहीत. एका दालनात आम्ही मालवणचे दृश्य गडद निळ्या दिव्यांनी उजळले होते. ते पाहून एक वयस्क मच्छीमार म्हणाले, “ह्या आमचा पाणी न्हय.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण मालवणचे पाणी गाळामुळे बरेचदा हिरवट आणि धूसर असते आणि तिथे गाळ सोसणारी, दगडासारखी गोलसर पोवळी अधिक आढळतात. आम्ही दिव्यांवरचे फिल्टर बदलले, मागच्या पडद्यावरील दूरचे खडक पुसट केले, तेव्हा कुठे ती जागा ओळखू येऊ लागली. म्हणून लक्षद्वीपच्या छायाचित्रांवरून मालवण रंगवू नये.

मासे दोऱ्याने टांगू नयेत, कारण दोऱ्यावर धूळ बसते आणि ती दिव्यात चमकते. माशाच्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला बारीक पोलादी सळई बसवून ती मागच्या खडकात रोवावी.