कावळ्याला दिलेला शब्द

प्रिय मनू,

आजीच्या दहाव्याला तू फोनवरून सगळं बघत होतीस हे मी विसरूनच गेलो होतो. रात्री तू विचारलंस, "बाबा, तू आणि आत्या हसत का होतात? तुला वाईट नव्हतं वाटत?" मी म्हटलं, नंतर सांगतो. तीन आठवडे झाले. सोपा प्रश्न नव्हता गं तो. माझी आई गेली होती आणि मुंडण केलेल्या डोक्याने, ओल्या पंचात मी घाटावर खी खी करत होतो, हे खरंच आहे.

त्यासाठी तुला अण्णांचा दहावा सांगावा लागेल. अण्णा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. साल 1983, मी आठ वर्षांचा. स्मशानात मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतात, त्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस तो दगड म्हणजेच गेलेला माणूस. त्यालाच पाणी द्यायचं, त्याच्यापुढेच पिंड ठेवायचा. आमच्याकडे तो ओट्याबाहेरच्या कोनाड्यात द्रोणात ठेवला होता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की दगड गोल आहे, हातात नीट बसतो आणि समोर चिंच लगडली आहे.

चार चिंचा पडल्या. दगड काही सापडला नाही. मी त्याच मापाचा दुसरा आणून द्रोणात ठेवला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, चांगले सहा-सात, भिंतीवर बसून नुसते बघत होते. मग आश्वासनं सुरू झाली. नानाकाका म्हणाले, "अण्णा, आईला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं सायकल विकणार नाही, कुणी म्हणालं बांधाचं भांडण मिटवू. मी मागे उभा राहून घामाने निथळत होतो, कारण खरं कारण मलाच ठाऊक होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि तेवढ्यात एक पिवळं कुत्रं आलं, दोन घासांत पिंड खाऊन चालतं झालं. कुणाला काही सुचेना. तेव्हा आत्या डोळे पुसत म्हणाली, "अण्णांना कुत्र्यांचा लळा होताच." विषय संपला.

आमच्या घरात कुणी सरळ गेलंच नाही. नानाकाकांची नोकरी पाटबंधारे खात्यात. जन्मभर त्यांनी टँकरवाल्यांना शिव्या दिल्या. ते गेले 2016 च्या एप्रिलमध्ये, नेमकं नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं तेव्हा. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून कलश फाटकाजवळच्या बदामाला टांगला. सकाळी दूधवाल्याने त्याच फांदीला दुधाची पिशवी अडकवली. पुढे कुंडात टँकरने पाणी आणून ओतलं, आणि नाना गेले ते टँकरच्या पाण्यातून.

तर आजीचा दहावा. या वेळी जीवखड्यावर मी स्वतः पहारा ठेवला होता, दिवसातून तीनदा बघून यायचो. तरी कावळा येईना. ऊन चढलं. मी मनातल्या मनात आईची माफी मागायला सुरुवात केली, यादी मोठी होती. आणि ऐंशी वर्षांची आत्या कानाशी येऊन पुटपुटली, "कुत्रं बोलवायचं का रे?"

म्हणून हसलो. त्याआधी दहा दिवस मला नीट रडताही आलं नव्हतं. हसता हसता ते आलं, पण तोवर तुझ्या मामाआजोबांच्या हातातला फोन बहुतेक आभाळाकडे वळला होता.

माझा या सगळ्यावर विश्वास आहे का? तुझ्या आईने विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. तरी पाऊण तास अनवाणी उभा होतो, आणि कावळा न शिवता तिथून हललो नसतो. माझ्या वेळी तू हे करावंस असं मुळीच नाही. इथे लेस्टरजवळ सोअर नदीत बोटीतून अस्थी सोडायची सोय आहे, ती पुरे. पिंडाचं विचारशील तर इथे कावळ्याआधी सीगल यायचा. चालेल मला.

एकच गोष्ट राहिली. मामाआजोबा शेवटी वैतागून मोठ्याने म्हणाले, "अक्का, नातीला मराठी वाचायला शिकवू!" आणि कावळा उतरला. तुला न विचारता तुझ्या नावाने शब्द दिला गेला, हे चुकलंच. माझा आग्रह नाही. म्हणून हे पत्र मराठीत लिहिलंय आणि आईला सांगून ठेवलंय की लगेच वाचून दाखवू नकोस. चिंचेपर्यंत आलीस तरी खूप झालं.

तुझा,
बाबा