वय झालं म्हणून कंपनी राजीनामा मागू शकते का? भारतात याविरुद्ध कायदा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४९, एका अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात १९ वर्षं नोकरी, हुद्दा टीम लीड. एचआरने बोलावून सांगितलं, "टीम यंग करायची आहे. तुम्ही राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार देतो." वयावरून भेदभाव केला म्हणून कोर्टात जाता येईल का?

वयाच्या मुद्द्यावर नाही. दुसऱ्या एका मुद्द्यावर कदाचित हो, पण राजीनाम्यावर सही केलीत की तो मुद्दा जवळजवळ संपतो. तेव्हा सही केली नसेल तर करू नका, आणि मग पुढचं निवांत वाचा. मी आयुष्यभर कंपन्यांच्या पर्सोनेल खात्यात काम केलं, आधी भोसरीच्या कारखान्यात, नंतर हिंजवडीत. तुमच्यासमोर जो माणूस बसला होता, त्याच्या खुर्चीत मी बसलेलो आहे.

घटनेच्या १५ व्या कलमात भेदभावाची कारणं मोजून दिली आहेत : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. १६ वं कलम सरकारी नोकरीपुरतं त्यात कूळ आणि निवासस्थान घालतं. वय दोन्हीकडे नाही, आणि ही कलमं मुळात सरकारला बांधतात, खासगी मालकाला नाहीत. खासगी कंपन्यांना लागू होणारे भेदभावविरोधी कायदे आपल्याकडे आहेत, पण ते एकेका गटापुरते : दिव्यांगांसाठी २०१६ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा, आणि भरतीत व पगारात स्त्री-पुरुष भेद नको म्हणून वेतन संहिता. वयासाठी असा कायदा कुणी केलेला नाही. करणार कोण? सरकार स्वतःच वयाची अट घालतं. एमपीएससीला २०१६ पासून खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. त्यावरून आंदोलनं झाली ती मर्यादा वाढवा म्हणून. मर्यादाच काढून टाका म्हणणारा मला तरी आजवर भेटला नाही.

कोर्टाची मदत होईल म्हणाल, तर १९८१ चा एअर इंडिया आणि नर्गेश मिर्झा यांचा निकाल बघा. हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी घरी पाठवायचे, व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी असली तर मुदत ४५ पर्यंत वाढायची. त्याच विमानात तेच काम करणारे पुरुष ५८ पर्यंत. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी अट आणि संचालकाची ती मर्जी सुप्रीम कोर्टाने रद्द केली. पण बायकांचं निवृत्तीचं वय पुरुषांपेक्षा एवढं कमी ठेवणं हेच मुळात घटनाबाह्य आहे, असं काही म्हटलं नाही. हे सरकारी कंपनीचं झालं. खासगीत याहून कमीच.

आता तुमची कंपनी अमेरिकन आहे म्हणून थोडं तिकडचं सांगतो. तिथे १९६७ सालापासून यावर स्वतंत्र कायदा आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने चाळिशी गाठलेल्या माणसाला वयावरून नोकरी नाकारायची नाही, काढायचं नाही, आणि जाहिरातीत "३० च्या आतले हवेत" असंही छापायचं नाही. सक्तीची निवृत्तीही १९८६ पासून, काही ठरावीक पेशे वगळता, गेली.

आपल्याकडे चाळीस हा आकडा कुठे भेटतो माहीत आहे? व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत. १९६१ च्या आयकर कायद्यात व्हीआरएसच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर करमाफी होती. त्यासाठी योजना कशी असावी हे नियम २बीए मध्ये लिहिलेलं : दहा वर्षं नोकरी झालेला किंवा चाळीस वर्षं वय पूर्ण झालेला कर्मचारी. म्हणजे तिकडे ज्या वाढदिवसाला कायद्याचं संरक्षण सुरू होतं, त्याच वाढदिवसाला आपल्याकडे माणूस करमाफीसह बाहेर जायला पात्र ठरायचा. पिंपरी-चिंचवडच्या कॅन्टीनमध्ये एखाद्याची चाळिशी झाली की "आता तुझा फॉर्म येणार" म्हणून चेष्टा व्हायची. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं.

तिकडच्या कायद्यात १९९० साली जी भर पडली ती तर तुम्ही नीट वाचाच. समजा तुमच्या कंपनीने एकाच दिवशी न्यू जर्सीत आणि पुण्यात कपात केली. न्यू जर्सीतल्या पन्नाशीच्या सहकाऱ्याकडून "मी वयावरून दावा करणार नाही" असं लिहून घ्यायचं असेल, तर विचार करायला त्याला ४५ दिवस द्यावे लागतात. एकट्यालाच काढत असतील तर २१. सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाला विचारा, असं कागदावर लेखी सांगावं लागतं. आणि सामूहिक कपात असेल तर सोबत एक यादी जोडावी लागते : त्या विभागातले हुद्दे, प्रत्येकाचं वय, कोणाला काढलं, कोणाला ठेवलं. नावं नसतात, पण चाळीशीवरचे सगळे एका रकान्यात आणि पंचविशीतले दुसऱ्यात दिसले की वकिलाला फार शोधावं लागत नाही. पुण्यातल्या माणसाला मात्र बहुधा दुपारची मीटिंग आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा.

हा कायदा तुम्हाला इथे लागू नाही. त्यात एक फट आहे, ती सांगून ठेवतो : अमेरिकन मालकाकडे परदेशात काम करणाऱ्या अमेरिकन नागरिकांना तो १९८४ पासून लागू आहे. तिकडचं नागरिकत्व घेऊन पुण्यात परतलेले, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) नोकरी करणारे बरेच लोक आहेत. तुम्ही त्यातले असाल तर तिकडच्या वकिलाशी बोला. नुसत्या ग्रीन कार्डावर इथे बसून भागत नाही.

नसाल, तर आता तुमच्या कामाचं. आपला कायदा तुमच्या वयाला विचारत नाही, पण तुमच्या नोकरीच्या वर्षांना विचारतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्याआधी हेच बहुतेक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. तुम्ही त्यातल्या व्याख्येप्रमाणे 'कामगार' असाल, तर कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावीच लागते. ती देण्याआधी काढलं तर ती कपातच बेकायदा. तुमचा पगार ८०,००० धरला तर १९ वर्षांचे झाले सात लाख साठ हजार, वर महिन्याची नोटीस. तुम्हाला देऊ केलेत एक लाख साठ हजार. राजीनामा का हवा आहे ते यात आलं.

त्याच कायद्यात आणखी एक जुना नियम आहे : एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जाईल. याला फाटा द्यायचा तर मालकाने कारण नोंदवावं लागतं. "टीम यंग करायची आहे" हे कारण लेखी नोंदवणारा एचआर मी पाहिलेला नाही, म्हणून ते तोंडी सांगतात. शिवाय वर्षाच्या आत त्याच कामाला पुन्हा भरती काढली तर काढलेल्यांना आधी विचारायचं असतं. म्हणजे जुन्या माणसाला मिळणारं संरक्षण आहे, फक्त ते ज्येष्ठतेच्या नावाने आहे. पन्नाशीतला माणूस सहा महिन्यांपूर्वीच नवीन कंपनीत लागला असेल तर त्याला याचा काही उपयोग नाही. एकाच ठिकाणी टिकलेल्यांनाच तो होतो.

"मी तर टीम लीड, मी कसला कामगार?" असं तुम्ही म्हणाल. एचआरही हेच म्हणेल. पण कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, दिवसभर काय करता ते बघतं. तांत्रिक काम करणारा माणूस व्याख्येत बसतो, आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. ती मर्यादा, महिना १८,००० रुपये, फक्त देखरेख करणाऱ्यांना आहे. मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारे मात्र पूर्ण बाहेर. तुम्ही स्वतः कोड लिहिता, टेस्टिंग करता, आणि चारजणांच्या कामाकडे जाता जाता बघता? रजा मंजूर कोण करतं? अप्रेझलवर शेवटची सही कोणाची? कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं हे ठरवायचा अधिकार तुम्हाला होता का? याची उत्तरं वकिलाकडे जायच्या आधी कागदावर लिहा, जमल्यास जुन्या मेलच्या प्रतींसकट. कंपनीचे गोपनीय कागद मात्र घरच्या मेलवर पाठवू नका, तेवढ्यावरून नारळ देतात आणि मग भरपाईही जाते.

तुम्ही खरोखरच मॅनेजर असाल, तर गोड बोलत नाही : करारातला नोटीस पीरियड आणि ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पीएफ. खासगी नोकरीवर परत घ्या असा हुकूम दिवाणी कोर्ट सहसा देत नाही, नुकसानभरपाई देतं, आणि ती बहुतेक वेळा नोटीसच्या पगारापलीकडे जात नाही. अशा वेळी भांडण्यापेक्षा घासाघीस बरी. दोन महिन्यांचे सहा करून घेतलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांनी फक्त एवढंच केलं होतं की पहिल्या दिवशी सही केली नाही.

ती खोली कशी असते ते सांगतो. काचेला पांढरी पट्टी लावलेली छोटी मीटिंग रूम, टेबलावर पाण्याची बाटली, आणि तुमच्या नावाने आधीच टाइप केलेला राजीनामा : "वैयक्तिक कारणांमुळे". शेजारी पेन. एचआरचं वाक्य ठरलेलं, "काढून टाकलं तर रिलीव्हिंग लेटरवर तसं येईल, पुढे त्रास होईल." यावर तुम्ही म्हणायचं, "मी घरी वाचून सांगतो," आणि कागद घेऊन उठायचं. कागद नेऊ देत नसतील तर तेही लक्षात ठेवा. त्याच रात्री स्वतःच्या मेलवरून एचआरला चार ओळी पाठवा : आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, कारण म्हणून टीम तरुण करायची आहे असं सांगण्यात आलं, मला राजीनामा द्यायचा नाही, मी उद्या नेहमीप्रमाणे कामावर येत आहे. कडक भाषा नको. हा मेल नंतर सोन्याच्या मोलाचा ठरतो. दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी, राजीनामा मंजूर व्हायच्या आत, तो मागे घेतो असं लेखी कळवा. महिनाभराने "जबरदस्तीने घेतला" म्हटलं तर कोर्ट पहिलं हेच विचारतं की मग इतके दिवस गप्प का होतात. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात होते, पुण्यात ते शिवाजीनगरला आहे, आणि समेटाच्या पहिल्या टप्प्याला वकील लागतोच असं नाही. मुदत असते, रेंगाळू नका.

पुढे पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारणा योजना, येण्याची शक्यता आहे. गेली पाच वर्षं चांगलं रेटिंग आणि अचानक सुधारणा योजना, असं झालं तर जुनी अप्रेझल हाताशी ठेवा, आणि प्रत्येक साप्ताहिक मीटिंगनंतर काय ठरलं ते मेलने कळवत जा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य होतं, "तरुण मुलं स्वस्तात मिळतात तर कंपनीचं चुकलं काय?" हिशेबात बऱ्याचदा चुकतं. भोसरीत एका सीएनसी मशिनवर ५६ वर्षांचा एक फिटर होता. स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग जायला लागलंय हे तो ओळखायचा, आणि मशिन बंद पडायच्या आधी सुट्टीच्या दिवशी बदलून टाकायचा. व्हीआरएसमध्ये तो गेला, पगार वाचला. पुढे तीच मशिनं चालू शिफ्टमध्ये बंद पडू लागली आणि त्यालाच कंत्राटावर, दिवसाच्या दराने, परत बोलावलं. दर त्याने ठरवला.

नवीन नोकरीच्या जाहिरातीत "वय कमाल ३५" दिसेल. भारतात खासगी कंपनीला तसं छापायला बंदी नाही, तेव्हा त्यावर तक्रार करण्यात वेळ घालवू नका. १९ वर्षांची ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी आणि कपातीत काढलं तरी मिळतेच : संहितेतल्या व्याख्येप्रमाणे शेवटचं वेतन (मुख्यतः बेसिक आणि डीए), गुणिले पंधरा, भागिले २६, गुणिले वर्षं, कमाल २० लाख. "सही केली तर ग्रॅच्युइटी लगेच देऊ" असं कोणी म्हणालं, तर ते तुमचेच पैसे तुम्हाला दाखवताहेत.